हळवं बी

येमूल शेठनं सांगितलंय, दिवाळीपर्यंतच.
पाडव्याला इथं चुन्याची फक्की पडणार,
मग गाळे उठणार ओळीनं.
बंद कारखान्याच्या मागचं हे अडीच गुंठे काळं रान
आणि माझी अंबाडी,
दोघांना मिळून एकशे तीस दिवस.

गरवी लावली तर डोक्याच्या वर जाते.
वाख लांब निघतो, दोर वळावा तर तिचाच.
पण ती थंडी बघून मग फुलायला बसते
आणि बोंडं वाळेस्तोवर
तिकडं सिद्धेश्वराचा गड्डा भरतो.
एवढं कोण थांबणार आमच्यासाठी.
हळवी हवी.

चाळीस वर्षं चादरीवर मोर उठवले.
आता उरलेल्या कांड्यांचं सूत
झाडांच्या कमरेला बांधतो :
पहिलं फूल दिसलं त्याला लाल,
आठ दिवसांनी फुललं त्याला पिवळं,
नुसतंच वाढत सुटलं त्याला काही नाही,
त्याची भाजी.

पहाटेच बघावं लागतं.
फिकट पिवळं फूल, पोटात जांभळा डाग,
ऊन चढलं की मिटलं.
कुणी पाहिलं नाही
तर ते त्या दिवशी फुललंच नव्हतं.

पहिल्या वर्षी चुकलो.
सगळ्यात आधी फुललेलं झाड धरलं बियाला.
मुरमावर उभं होतं ते, गुडघ्याएवढं,
नळाला पाणी पाचव्या दिवशी,
त्याच्यापर्यंत तर कधीच नाही.
बोंड फोडलं तर दाणे पोचट.
तहानेनं घाबरून फुललं होतं बिचारं,
मी त्याला हळवं समजलो.

आई म्हणायची,
थोरला माझा गरवा, अंबादास हळवा.
अंबादास नवव्या महिन्यात चालला,
चौदाव्या वर्षी मागावर उभा राहिला,
चौतिसाव्या वर्षी
भोंगा व्हायच्या आत घरी आला, परत गेला नाही.
लोक म्हणाले, सगळंच लवकर केलं पोरानं.
मी ती मुरमाची जागा
अजून तशीच ठेवलीय, काही लावत नाही.

परवा सुरवसे हवालदार आले,
गाडी बंद न करताच.
"ओ मामा, काय पेरलंय बे हे?
फोन आलाय चौकीला."
पान पाच बोटांचं, कडा कातरलेल्या,
त्यांचा तरी काय दोष.
एक खुडून दिलं, म्हटलं, खावा.
त्यांनी आधी हुंगलं,
मग रस्त्याकडं बघितलं,
मग चावलं.
एक डोळा मिटला, गाल आत गेले.
"आयला, अंबाडी!"

गाडी बंद केली तेव्हा.
वहीत काहीतरी लिहिता लिहिता म्हणाले,
"आमची मंडळी कण्या घालून करते.
क्वार्टरला दोन कुंड्या हायत रिकाम्या.
लवकर येणारी असली तर बघा की एखादी,
मार्चात बदली आमची, ठरल्यासारखीच."

मी लाल सुताकडं हात नेला, मागं घेतला.
पिवळं बांधलेलं एक झाड दाखवलं.
खोड दाबून बघा, म्हटलं.
सावलीत नाही, मुरमावर नाही,
पोटभर पिऊन वाढलंय,
तरी वेळेआधी आटपतंय.
नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी या,
डबी घेऊन या, कागदात सांडतं.

बोंडं आता चादरीच्या तुकड्यात बांधून
खुंटीला टांगतो रोज थोडी.
त्यांची कूस बोटांत रुतते, दिसत नाही,
नुसती चुरचुरते.
भाग्यलक्ष्मी दिव्याखाली हात धरते माझा,
सुईनं एकेक काढते.
मी हात ओढतो.
"किती हळवे हो तुम्ही," म्हणते.

"लाल की पिवळा?" मी विचारतो.
ती सुई पदराला पुसते
आणि दुसरं बोट पुढं ओढते.